मैत्रिणीचं घर, माझ्याकडे चावी: लायसन नसताना भाड्याचं घर सांभाळल्याचं एक प्रकरण

एप्रिल २०२४ मध्ये माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी कंपनी नाही मिळाली तर बॅगा भरायच्या, आणि त्यांचं तेच झालं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चौघंही पुण्याला परत गेले. मागे राहिलं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधलं तीन बेडरूमचं टाउनहाऊस. २०२१ मध्ये त्यांनी लोन रिफायनान्स केलेलं, व्याजदर तीन टक्क्यांच्याही खाली, असं लोन आता जन्मात परत मिळणार नाही म्हणून विकायचं नाही हे दोघांनी आधीच ठरवलेलं. म्हणजे भाड्याने द्यायचं. प्रॉपर्टी मॅनेजरकडे विचारलं तर दर महिन्याच्या भाड्याच्या ७ टक्के आणि भाडेकरू आणून देण्याचे वेगळे अर्ध्या महिन्याचे. भाडं ४,३०० डॉलर धरलं तर महिन्याला ३०१ आणि सुरुवातीला २,१५०.

मी त्यांच्या घरापासून बारा मिनिटांवर राहते. आम्ही दोघी पुण्यात इंजिनिअरिंगला रूममेट, चार वर्षं एका डब्यात जेवलेल्या. ती म्हणाली, "अगं तूच बघ ना, तू काय परकी आहेस का, आणि फुकट नको बाई, महिन्याला २०० डॉलर घे." मी हो म्हटलं. २०० डॉलरला पण हो म्हटलं, कारण मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. हे सगळं लिहायचं कारण तेच आहे, की आपल्यातल्या खूप जणांनी इथे मित्रांची घरं अशीच घेतलेली आहेत सांभाळायला आणि बऱ्याच जणांना माहीतच नाही की त्या २०० डॉलरमुळे काय बदलतं.

मला कळलं ते अगदी योगायोगाने. ऑफिसमधल्या एका सीनियर बाईंना सहज सांगितलं की मैत्रिणीचं घर बघणार आहे, थोडे पैसे पण मिळतील, तर त्या एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या की तुझ्याकडे ब्रोकरचं लायसन आहे का. मला वाटलं त्या घर विकण्याबद्दल बोलतायत. मग रात्री बसून वाचलं. कॅलिफोर्नियाच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम १०१३१, त्याचं बी पोटकलम. त्यात सरळ म्हटलंय की दुसऱ्या कुणासाठी घर भाड्याने देणं, त्याची जाहिरात करणं, भाडेकरू शोधणं, भाडं गोळा करणं, यातलं काहीही मोबदला घेऊन किंवा मोबदल्याच्या अपेक्षेने केलं तर ते ब्रोकरचं काम, आणि तो मोबदला कुठल्या रूपात आणि कधी मिळतो याला महत्त्व नाही. म्हणजे रोख नको, त्याऐवजी त्यांचं गॅरेज फुकट वापर, किंवा वर्षअखेरीस विमानाचं तिकीट, ते सगळं मोबदल्यातच धरता येतं. लायसन नसताना केलं तर माणसाला २०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत काउंटी जेल किंवा दोन्ही. शिवाय उद्या मैत्रिणीने २०० दिले नाहीत तर ते मागायला मला कोर्टात पण जाता येणार नाही, कारण लायसन नसलेल्याचा फीवर हक्कच नाही.

मैत्रिणीला फोन केला तर तिचा विश्वास बसेना. "पुण्यात माझ्या काकांचा फ्लॅट शेजारचे जोशी काका दहा वर्षं बघतायत, कोण विचारतंय लायसन?" तिचं पुण्यापुरतं चूक नव्हतं. आपल्याकडे रेरा आल्यापासून एजंटला नोंदणी लागते पण ती रेराची व्याख्या विक्रीच्या व्यवहाराची आहे, भाड्याने देण्याची नाही. इथे मात्र भाडंच मध्ये आहे. आणि अमेरिकेतही राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, मी जे लिहितेय ते कॅलिफोर्नियाचं, तुमच्या राज्याचं तुम्ही स्वतः बघा.

मग एका वकिलाचा एक तास घेतला, फी मैत्रिणीने भरली. त्यांनी तीन रस्ते सांगितले. पहिला, लायसन काढ. पण नुसतं सेल्सपर्सनचं लायसन काढून भागत नाही, त्या माणसाला कुठल्यातरी ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं, आणि ब्रोकर व्हायला कॉलेज लेव्हलचे आठ कोर्स, अनुभवाची दोन वर्षं आणि मग परीक्षा. एका टाउनहाऊससाठी कोण करणार हे. दुसरा, काही म्हणजे काहीच घेऊ नकोस. मोबदला नाही, अपेक्षा नाही, तर ते ब्रोकरचं काम होत नाही, मैत्रिणीला केलेली मदत होते. तिसरा, कलम १०१३३ मधली सूट, ज्याच्याकडे मालकाची रीतसर पॉवर ऑफ ॲटर्नी आहे त्याला लायसनचा नियम लागू होत नाही. मी लगेच विचारलं की मग पॉवर ऑफ ॲटर्नी करून २०० पण घेता येतील का. त्यावर ते म्हणाले की त्याच कलमात पुढे लिहिलंय, कायदा टाळण्यासाठी ही सूट वापरली तर ती सूट राहत नाही, आणि दर महिन्याला ठरलेली फी घेणारी बाई हातात पॉवर ऑफ ॲटर्नी घेऊन उभी राहिली तर समोरचा वकील नेमकं हेच म्हणणार. त्यांचा सल्ला होता की दुसरा आणि तिसरा रस्ता एकत्र धर, पॉवर ऑफ ॲटर्नी पण घे आणि पैसे पण घेऊ नकोस. रेसिडेंट मॅनेजरची एक सूट असते असं मी कुठेतरी वाचलेलं, ते त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं, ती अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये तिथेच राहून काम बघणाऱ्यासाठी आहे, बारा मिनिटं लांब राहणाऱ्या मैत्रिणीसाठी नाही.

पॉवर ऑफ ॲटर्नीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथेच लोक घाई करतात. कॅलिफोर्नियाचा एक सरकारी नमुना आहे, कायद्यातच छापलेला, त्यात एकेका अधिकाराच्या ओळीसमोर मालकाने आपली आद्याक्षरं करायची. रिअल प्रॉपर्टीची एक ओळ आहे. आम्ही तिथे आद्याक्षरं करून मोकळ्या होणार होतो, पण त्या एका ओळीत काय काय येतं ते कायद्यात पाहिलं तर भाड्याने देण्याबरोबर विकणं, गहाण टाकणं हे सगळं येतं. म्हणजे नकळत मी तिचं घर विकू शकले असते. मला तो अधिकार नको होता आणि तिने तो द्यायलाही नको होता, मैत्री कितीही घट्ट असली तरी. म्हणून खाली विशेष सूचनांची जी जागा असते तिथे तिने हाताने लिहिलं की फक्त या पत्त्याचं घर, फक्त भाड्याने देणं आणि दुरुस्ती, विक्री नाही, गहाण नाही, कर्ज नाही. आणि घर दोघांच्या नावावर असल्यामुळे दोघांनी वेगवेगळी करून दिली. हे पण विसरतात लोक, नवरा सही करतो आणि बायकोची राहून जाते.

जायच्या चार दिवस आधी आम्ही एका मेलबॉक्सच्या दुकानात नोटरीकडे गेलो. धाकटा एका खोक्यावर बसून आंबा बर्फी खात होता, मागे त्यांची अर्धी बांधलेली बोचकी गाडीत. नोटरीने दोघांचे पासपोर्ट बघितले, आपल्या जाड वहीत नोंद केली आणि शाईचा पॅड पुढे केला, कारण पॉवर ऑफ ॲटर्नी असेल तर इथे नोटरीच्या वहीत अंगठ्याचा ठसा घ्यावाच लागतो. मैत्रीण अंगठा पुसत म्हणाली, "आजीने सातबाऱ्याच्या कागदावर असाच अंगठा दिलेला गं." आणि मग रडायला लागली, घर सोडतोय हे तिला त्या अंगठ्यापाशी पहिल्यांदा जाणवलं असावं. एका सहीचे १५ डॉलर, कॅलिफोर्नियात नोटरीला त्याहून जास्त घेता येत नाहीत, दोघांचे ३०. हेच पुण्याला गेल्यावर करायचं म्हटलं असतं तर मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट किंवा तिथल्या नोटरीवर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का. जायच्या आधी करा, एवढंच सांगते.

त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी एक पानभर पत्र पण केलं. त्यात लिहिलं की मी हे काम विनामोबदला करतेय, खर्चाची भरपाई पावती दाखवूनच होईल, भाडेकरूचा शेवटचा निर्णय मालकांचा असेल, आणि माझ्यावर कुणी दावा लावला तर माझा खर्च मालक देतील. मैत्रिणीला हे पत्र जरा लागलं, आपल्यात असलं कशाला असं तिला वाटलं. मला उलट वाटतं की आपल्यातच असलं लागतं, कारण परक्याशी भांडण झालं तर पैसे जातात, इथे तीस वर्षांची मैत्री जाते. इन्शुरन्स पण बदलून घेतला, मालक स्वतः राहत असल्याची पॉलिसी काढून लँडलॉर्ड पॉलिसी आणि त्यात माझं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून टाकलं, म्हणजे विम्याचं संरक्षण मलाही. उद्या कुणी जिन्यावरून पडलं तर दाव्यात घर बघणारीचंही नाव येऊ शकतं.

आता पैशाचं. हा भाग सगळ्यात किचकट आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा. मला वाटलेलं की भाडं माझ्या खात्यात येईल, मी लोनचा हप्ता आणि एचओए, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, भरून उरलेलं पाठवीन. सीएंनी, म्हणजे इथल्या सीपीएंनी, हातच जोडले. पुण्याला गेल्यावर ही दोघं टॅक्सच्या भाषेत नॉनरेसिडेंट एलियन, म्हणजे अनिवासी परदेशी, होणार, आणि अशा मालकाचं भाडं ज्याच्या हातातून जातं त्याने फेडरल टॅक्सपोटी पूर्ण भाड्याच्या ३० टक्के कापून आयआरएसला, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याला, भरायचे असतात. खर्च वजा जाता नाही, पूर्ण भाड्याच्या. ४,३०० वर १,२९०. नाही कापले तर ते कापायची जबाबदारी ज्याची होती त्याच्या खिशातून. वर कॅलिफोर्नियाचा आपला वेगळा नियम, राज्याबाहेरच्या मालकासाठी भाडं गोळा करणाऱ्या एजंटने वर्षाला १,५०० डॉलरच्या वर गेलं की ७ टक्के राज्याच्या टॅक्स बोर्डाला भरायचे. म्हणजे एक पैसा न कमावता मी दोन सरकारांची देणेकरी झाले असते!

उपाय दोन. एक, भाडं माझ्या खात्यात येणारच नाही, भाडेकरू थेट त्यांच्या इथल्या बँक खात्यात भरेल, ते खातं त्यांनी चालू ठेवलं. दुसरा, दोघांनी डब्ल्यू-८ईसीआय नावाचा फॉर्म भरून भाडेकरूला द्यायचा, ज्यात ते सांगतात की हे उत्पन्न आम्ही अमेरिकेतला व्यवसाय म्हणून दाखवणार आणि रिटर्न भरणार, मग ३० टक्के कापावे लागत नाहीत आणि त्यांना लोनचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, साडेसत्तावीस वर्षांचा घसारा सगळं वजा करता येतं. त्यासाठी हे उत्पन्न व्यवसायाचं धरा असं रिटर्नबरोबर लिहून जोडावं लागतं आणि दर वर्षी १०४०-एनआर हा नॉनरेसिडेंटचा रिटर्न भरावा लागतो, दोघांचा वेगवेगळा, नॉनरेसिडेंट नवराबायकोला एकत्र रिटर्न नाही. हे काम त्यांच्या सीपीएचं, माझं नाही, आणि मी ते मुद्दाम माझ्याकडे घेतलं नाही.

भाडेकरू शोधताना खरा वाद झाला. मैत्रिणीने जाहिरातीचा मजकूर पाठवला त्यात लिहिलेलं, शाकाहारी इंडियन फॅमिलीला प्राधान्य. मी म्हटलं हे जाणार नाही. ती म्हणाली, "बीफ नको किचनमध्ये, एवढंच म्हणतेय मी, त्यात काय चुकलं माझं?" तिच्या किचनमध्ये कोपऱ्यातल्या एका कपाटात तिचं देवघर होतं, देव ती पुण्याला घेऊन गेली पण फळीवर हळदीकुंकवाचा डाग राहिलाय, कितीदा पुसला तरी गेला नाही, मला तो डाग माहितीये म्हणून तिचं म्हणणं मला आतून कळत होतं. पण १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टप्रमाणे वंश, धर्म, मूळ देश, मुलंबाळं असणं नसणं यावरून प्राधान्य दाखवणारी जाहिरात करणंच बेकायदा आहे आणि ती जाहिरात मालकाने केली की त्याच्या मैत्रिणीने याने फरक पडत नाही. शाकाहार हा शब्द त्या यादीत नाही हे खरं, पण इंडियनच्या शेजारी तो शब्द ठेवला की कुणालाही अर्थ कळतो. आपल्याला मुंबईत नॉनव्हेज खाता म्हणून घर नाकारलं की आपण किती चिडतो ते पण मी तिला बोलून दाखवलं. दोन दिवस ती बोलली नाही. मग मजकूर बदलून पाठवला.

निकष आम्ही आधी लिहून ठेवले, भाड्याच्या अडीच पट उत्पन्न, क्रेडिट रिपोर्ट, आधीच्या घरमालकाचा संदर्भ, आणि जो आधी पूर्ण अर्ज देईल आणि निकषात बसेल त्याला घर. सगळ्यांना तोच फॉर्म. दुसरा अर्ज एका बाईंचा आला, त्यांच्याकडे सरकारी हाउसिंग व्हाउचर होतं, म्हणजे भाड्याचा काही हिस्सा सरकार भरतं. मैत्रिणीच्या नवऱ्याने लगेच लिहिलं, व्हाउचरवाले नको. २०२० पासून कॅलिफोर्नियात असं म्हणता येत नाही, व्हाउचर हा उत्पन्नाचाच भाग धरायचा, आणि अडीच पटीचा हिशेब सुद्धा पूर्ण भाड्यावर नाही तर भाडेकरू स्वतः जेवढा हिस्सा भरणार तेवढ्यावर करायचा. त्या बाई खरं तर बसत होत्या निकषात. पण त्यांच्या एक दिवस आधी आलेलं एक जोडपंही बसत होतं, ती नर्स आणि तो शाळेत शिक्षक, घर त्यांना गेलं. कुठला अर्ज कधी आला ते ईमेलच्या वेळेसकट मी जपून ठेवलं, कुणी विचारलं तर दाखवायला.

लीजवर सही मी नाही केली. पॉवर ऑफ ॲटर्नी असूनही. दोघांनी पुण्यातून ऑनलाइन सही केली, कारण जे काम मालक स्वतः करू शकतो ते त्यानेच करावं, पॉवर ऑफ ॲटर्नी अडीअडचणीला. लीजमध्ये मात्र घर कोण बघतं आणि कायदेशीर नोटीस कुणाकडे द्यायची याचं नाव, पत्ता, फोन लिहावाच लागतो, तिथे माझं नाव गेलं. म्हणजे उद्या कोर्टाचे कागद माझ्या दारात येणार हे माहीत असून मी हो म्हटलं, नवऱ्याशी बोलून. अजून एक चूक थोडक्यात टळली. इंटरनेटवरून उतरवलेल्या लीजमध्ये २०१९ च्या टेनंट प्रोटेक्शन ॲक्टची सूट सांगणारा परिच्छेदच नव्हता. स्वतंत्र मालकीचं टाउनहाऊस आणि मालक कंपनी नसून साधी माणसं असतील तर भाडेवाढीची मर्यादा लागू होत नाही, पण कायद्यात दिलेल्या ठराविक शब्दांत भाडेकरूला तसं लेखी सांगितलेलं असलं तरच. तो परिच्छेद वकिलांनी टाकून दिला. डिपॉझिट एका महिन्याचं घेतलं. १ जुलै २०२४ पासून बहुतेकांना एवढंच घेता येतं, एखाददुसरं घर असलेल्या छोट्या मालकाला दोन महिन्यांपर्यंत चालतं, पण नव्याने संसार लावणाऱ्या जोडप्याकडून एवढे पैसे अडकवून ठेवू नयेत असं माझं मत पडलं आणि मैत्रिणीने ऐकलं.

पहिले चार महिने काही झालं नाही. मग डिसेंबरात रात्री साडेनऊला भाडेकरूचा फोन, गॅरेजमध्ये पाणी. मी आणि नवरा पोचलो तेव्हा वॉटर हीटरच्या बुडातून धार लागलेली आणि तो शिक्षक बिचारा बादल्या भरत होता, बायको नाइट ड्यूटीला. पाणी बंद केलं, फोटो काढले, पुण्यात सकाळ होती म्हणून तिला लगेच व्हिडिओ कॉल केला. आपल्या ओळखीतला एक हॅंडीमन आहे, हातात कला असलेला माणूस, तो म्हणाला ९०० मध्ये हीटरसकट बसवून देतो. पण कॉन्ट्रॅक्टरचं लायसन नसलेल्याला तेव्हा मजुरी आणि सामान धरून ५०० डॉलरच्या आतलंच काम करता येत होतं, २०२५ च्या जानेवारीपासून ती मर्यादा १,००० झाली, पण परमिट लागणारं काम असेल तर तेही नाही, आणि वॉटर हीटर बदलायला शहराचं परमिट लागतं. लायसनवाल्या प्लंबरने परमिटसकट २,३०० घेतले. मैत्रिणीचा नवरा नाराज झाला, १,४०० डॉलर जास्त गेले म्हणाला. जास्त गेलेच. पण गॅसवर चालणारी वस्तू आहे, वरच्या खोलीत दुसऱ्याचं कुटुंब झोपतं, आणि काही झालं असतं तर विना परमिटचं काम कुणी बोलावलं याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. बिल मी नाही भरलं, प्लंबरने फोनवर मैत्रिणीच्या नवऱ्याच्याच कार्डवर घेतलं. तेव्हापासून हाच नियम, बिल मालकाच्या नावावर, पैसे मालकाच्या कार्डावरून. माझ्या खिशातून गेले ते फक्त पुसायच्या कपड्यांचे आणि बादलीचे ३१ डॉलर, पावती पाठवली आणि तेवढेच ३१ परत आले.

दिवाळीत तिने ५०० डॉलरचं गिफ्ट कार्ड पाठवलेलं, ते मी परत केलं. ही गोष्ट मला घर सांभाळण्यापेक्षा जड गेली. ती म्हणाली भाऊबीज समज. मी म्हटलं की दुसऱ्या कुठल्या वर्षी पाठवलं असतंस तर घेतलं असतं, यावर्षी तुझ्या घराची चावी माझ्याकडे आहे, आपल्या दोघींना अर्थ माहितीये पण कागदावर तो अर्थ दिसत नाही. मग जानेवारीत माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं कोथरूडला, मी इथे, आणि ही बाई न सांगता सकाळी सातला आईकडे हजर, तिला घेऊन गेली, ड्रॉप्स घालायला पुढे आठ दिवस रोज दोनदा जात होती. मी वकिलांना खरंच विचारलं, हे मोबदल्यात येतं का. ते म्हणाले की ठरवून केलेली देवाणघेवाण नाही ना, मग मैत्रिणीने मैत्रिणीच्या आईला दवाखान्यात नेण्याला कुणी फी म्हणत नाही. मला ते ऐकून किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

याच सुमारास मंडळाच्या हळदीकुंकवात एका ओळखीच्या बाईंनी विचारलं की आमचाही कॉन्डो बघाल का, महिन्याला १०० देऊ. नाही म्हटलं. एका मैत्रिणीसाठी फुकट करणं आणि ओळखीपाळखीत पैसे घेऊन करणं यांच्यामध्येच ते कलम १०१३१ उभं आहे.

मार्चमध्ये एकदा भाडं आलं नाही. सहा तारखेपर्यंत वाट बघितली, तर मैत्रिणीचा नवरा म्हणाला तू जाऊन बस त्यांच्याकडे, नाहीतर कोर्टात केस टाक. पॉवर ऑफ ॲटर्नी असली तरी मी कोर्टात त्याच्या वतीने उभी राहू शकत नाही, ते वकिलीचं काम आहे, मालक स्वतः किंवा त्याचा वकील. तीन दिवसांची नोटीस देता येते, त्यात शनिवार रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या धरायच्या नाहीत आणि भाड्याचा नेमका आकडा लिहायचा. नोटीस तयार केली पण द्यावी लागली नाही, बँकेने ऑटो पेमेंट अडवून ठेवलेलं, फोन केल्यावर भाडेकरूला कळलं आणि दुसऱ्या दिवशी पैसे आले. आधी फोन केला हे बरं केलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये ते जोडपं सॅक्रामेंटोला गेलं. घर सोडल्यापासून २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कापल्याचा तपशील द्यावाच लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून घर ताब्यात आल्यावर, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर फोटो काढणं सक्तीचं झालंय. मी दोन तास प्रत्येक खोलीचे फोटो काढत फिरले. मैत्रिणीच्या नवऱ्याला कार्पेटचे ८०० कापायचे होते. कार्पेट आठ वर्षांचं, जिन्यापाशी विरलेलं, ते चालूनच विरतं, भाडेकरूने फाडलेलं नाही. मी त्याला सांगितलं की मुद्दाम अडवून ठेवलं असं कोर्टाला वाटलं तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत वर द्यायला लागतं, आणि त्याही पलीकडे, त्या माणसाने तुझ्या गॅरेजमध्ये रात्री अकरापर्यंत बादल्या उपसल्यात. मुलांच्या खोलीतला एक ब्लाइंड तुटला होता त्याचे १४० कापले, १२५ च्या वर गेलं की बिलाची प्रत जोडायला लागते ती जोडली, बाकी ४,१६० मालकांच्या खात्यातून सोळाव्या दिवशी परत गेले. त्या नर्सबाईंचा मेसेज आला, इतक्या लवकर डिपॉझिट मिळेल असं वाटलं नव्हतं म्हणून.

त्यानंतर मीच मैत्रिणीला म्हटलं की परत भाडेकरू शोधण्यापासून सगळं चक्र माझ्याच्याने नोकरी सांभाळून होणार नाही. तिला आधीच कळलं होतं. त्यांनी लायसन असलेला मॅनेजर घेतला, ६ टक्क्यांवर, त्याचा नंबर डिपार्टमेंट ऑफ रिअल इस्टेटच्या साइटवर टाकून लायसन चालू आहे, कारवाई नाही हे आम्ही दोघींनी बघून घेतलं. भाडं आता त्याच्या हातातून जाणार म्हणून ३० टक्के आणि ७ टक्के हे दोन्ही प्रश्न त्याच्यासाठी आले. डब्ल्यू-८ईसीआय नव्याने त्याच्या नावाने भरून दिला, आणि राज्याचे ७ टक्के कापू नयेत म्हणून माफीचा जो अर्ज टॅक्स बोर्डाकडे करता येतो तो सीपीएंनी लावला. दोघांनी पॉवर ऑफ ॲटर्नी लेखी रद्द केली, माझ्याकडची मूळ प्रत त्यांच्या सांगण्यावरून रद्द असा शेरा मारून कुरिअरने पुण्याला पाठवली, आणि इन्शुरन्समधून माझं नाव काढलं की नाही ते कंपनीला फोन करून विचारलं, कारण ते शेवटी राहून जातं.

सप्टेंबरच्या एका शनिवारी मॅनेजर घरी आला. चार चाव्या, गॅरेजचे दोन रिमोट, मेलबॉक्सची एक किल्ली, वॉटर हीटरचं परमिट आणि सगळ्या फोटोंचा पेन ड्राइव्ह, एकेक मोजून दिलं आणि कागदावर त्याची सही घेतली. तो किचन बघत असताना त्याने कोपऱ्यातलं ते कपाट उघडलं आणि विचारलं की हा पिवळा डाग कसला, पेंट करून टाकू का. मी मैत्रिणीला फोन लावून दिला, म्हटलं घर तिचं आहे, तिलाच विचारा.